नळदुर्गचा साहेब, तुळजापूरची तारा आणि तुमची कादंबरी

खऱ्या घटनेवर ऐतिहासिक कादंबरी लिहायचीये? धाराशिव जिल्ह्यात विषय शोधायला लांब जावं लागत नाही. पण काय पक्कं धरायचं आणि कल्पनेला कुठे मोकळं सोडायचं, हे लिहायला बसण्याआधी ठरवलेलं बरं.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे. असणारच.

तुम्ही तुळजापूरचे असा, उमरग्याचे, परंड्याचे, कळंबचे नाहीतर भूमचे. घरात कुणीतरी कधीतरी ती सांगितलेली आहे. रझाकारांच्या भीतीनं धान्य बळदात दडवून रातोरात बार्शीची वाट धरलेलं घर. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आजी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सास्तूरच्या बाजूला माळवदाखाली गाडली गेलेली अख्खी गल्ली. तुम्ही ती गोष्ट ऐकलीत, मनात ठेवलीत. मग कधीतरी वाटलं, अरे, यावर कादंबरी होईल की! मोबाइलच्या नोट्समध्ये पहिली चार पानं लिहूनही झाली असतील.

आणि तिथंच गाडी अडली असेल. आज्जा सांगतो ते घोड्यावरून आले, मामा म्हणतो जीपमधून आले. कुणाचं धरायचं? डायलॉग कोणत्या भाषेत लिहायचे? ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचं खरं नाव ठेवायचं का? त्याची नातवंडं तर आपल्याच गल्लीत राहतात! आणि सगळंच खरं लिहायचं तर मग कादंबरी कशाला, सरळ इतिहास का लिहू नये?

गंमत अशी, की यातले बरेचसे प्रश्न आपल्याच जिल्ह्यात राहून गेलेल्या एका माणसाला दीडशे वर्षांपूर्वी पडले होते. त्यातले काही त्यानं झकास सोडवले, काहींत तो घसरला. दोन्हींतून आपल्याला शिकता येतं. म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ.

किल्ल्यातला साहेब

साल १८५३. हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. चालवायची इंग्रजांनी, खर्च द्यायचा निजामानं. तो खर्च थकत गेला, निजामाच्या डोक्यावर कर्ज चढलं. मग करार झाला आणि वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपल्याकडचा नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. जिल्ह्याला तेव्हा नळदुर्गचंच नाव. हा जिल्हा सांभाळायला आला फिलिप मेडोज टेलर.

हा गडी पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये मुंबईत उतरला होता, एका व्यापाऱ्याकडे नोकरी करायला. ते काही जमलं नाही, मग निजामाच्या फौजेत शिरला. जमिनीची मोजणी, कायदा, इथली भाषा, सगळं काम करता करताच शिकला. १८३९ मध्ये त्यानं ठगांवर लिहिलेली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी इंग्लंडात चांगलीच गाजली. म्हणजे बोरी नदीकाठच्या त्या किल्ल्यात, पाणी महालाच्या आणि नर-मादी धबधब्याच्या शेजारी जो साहेब येऊन राहिला, तो आधीच नाव मिळवलेला लेखक होता.

१८५७ पर्यंत तो इथं होता. महसूल बघायचा, जमिनी मोजायच्या, लोकांचे तंटे ऐकायचे, हे त्याचं रोजचं काम. तुळजापूर त्याच्याच जिल्ह्यात. देवीचं देऊळ, यात्रा, पुजारी, आराधी, बालाघाटाच्या कड्यावर वसलेलं ते गाव, हे सगळं त्याच्या डोळ्यांखालून गेलं. पुढे निवृत्त होऊन तो परत गेला आणि १८६३ मध्ये त्याची कादंबरी आली. नाव 'तारा'.

तारा ही तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी. अगदी लहान वयात विधवा झालेली, देवीला वाहिलेली मुरळी. पुढे अफजलखानाची फौज तुळजापुरावर येते आणि ताराचं आयुष्य त्या वावटळीत सापडतं. खानाचा मुलगा फाजल आणि तारा यांचं प्रेम, आणि त्याच्या मागे प्रतापगडाकडे सरकत जाणारा मोठा इतिहास. अशी ही गोष्ट.

आता बघा त्यानं काय केलं. अफजलखान खरा. त्याला फाजल नावाचा मुलगा होता, तेही खरं. तुळजापूर खरं, प्रतापगड खरा. पण तारा? ती कुठल्याही बखरीत सापडणार नाही. ती टेलरची. चार पक्क्या खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यावर आपलं वस्त्र विणलं. देवळाच्या सावलीत वाढलेल्या एका मुलीला त्या दिवसांत काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ती जागा मोकळी होती. कादंबरीकाराची जागा तीच.

अर्थात नजर साहेबाचीच होती, हे विसरू नका. प्रेमकथा त्यानं खानाच्या घराला दिली, त्यामुळे वाचणाऱ्याचा जीवही तिकडेच गुंततो. महाराजांच्या बाजूच्या माणसानं ही गोष्ट अशी सांगितली नसती. कादंबरी कुणाच्या खांद्यावरून बघते, यावर वाचकाची माया कुठे जाणार ते ठरतं. तुम्हीही कुणाच्या तरी खांद्यावरून बघणार आहात. कुणाच्या, ते आधी ठरवा.

दोन वर्षं सरकली कुठे?

'तारा'नंतर टेलरनं आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता'. तिन्हींची माळ त्यानं फार देखणी ओवली होती. मराठी सत्तेचा उदय १६५७, प्लासीची लढाई १७५७, उठाव १८५७. बरोबर शंभर-शंभर वर्षांचं अंतर!

पण प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी. माळ सुबक दिसावी म्हणून दोन वर्षं इकडची तिकडे झाली.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांनी काय बिघडतं? बरंच बिघडतं. १६५७ मध्ये औरंगजेब स्वतः दख्खनेत होता. त्याच वर्षी त्यानं विजापूरकरांकडून बीदर घेतलं आणि उमरग्यापासून जवळच असलेलं कल्याणीही घेतलं. विजापूर दरबार तेव्हा जीव मुठीत धरून बसला होता. १६५९ मध्ये हाच औरंगजेब भावांना बाजूला सारून दिल्लीच्या तख्तावर होता आणि विजापूरला खानासारखा मोठा सरदार महाराजांवर सोडायला सवड मिळाली होती. म्हणजे खान का निघाला, त्याच वेळी का निघाला, याचं उत्तरच त्या दोन वर्षांत आहे. तारीख हलली की कारण हलतं, आणि कारण हललं की पात्रांच्या वागण्याचा आधार जातो.

म्हणून एक साधी युक्ती. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्याचं नाव 'पक्कं', दुसऱ्याचं 'ऐकीव', तिसऱ्याचं 'माझं'.

'पक्कं'मध्ये जाईल ते, ज्याला कागदाचा आधार आहे आणि ज्यावर जाणकारांचं एकमत आहे. खान मारला गेल्याची तारीख तिथं. 'ऐकीव'मध्ये जाईल ते, जे लोक सांगत आले. इथं जरा तारतम्य लागतं, कारण ऐकीवाचेही थर असतात. अफजलखान वधावर अज्ञानदासाचा पोवाडा आहे, तो घटनेच्या अगदी जवळचा. कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' महाराजांच्या हयातीतलं. सभासदाची बखर आली १६९७च्या सुमारास, म्हणजे खानाच्या मृत्यूनंतर जवळपास अडतीस वर्षांनी. तिन्हींत खान आहे, पण तिन्ही खान अगदी एकसारखे नाहीत. कोण, किती लांबून, कुणासाठी बोलतोय, हे रकान्यात नावापुढे लिहून ठेवायचं.

आणि 'माझं'मध्ये तारा. तिथं तुम्ही राजे. नियम एकच पाळायचा. 'माझं'मधली कुठलीही ओळ 'पक्कं'मधल्या ओळीला खोटं पाडणार नाही.

पुढे कोण, मागे कोण?

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड'. आधी 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून आली आणि १८७१ मध्ये पुस्तक झालं. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड कल्पनेतला आणि पुढे वावरणारी माणसंही कल्पनेतली. खरा इतिहास मागे उभा. त्याच्याही आधी, १८१४ मध्ये, स्कॉटलंडच्या वॉल्टर स्कॉटनं 'वेव्हर्ली'त हाच मार्ग धरला होता. मोठी घटना मागे, साधा बनवलेला माणूस पुढे.

दुसरा मार्ग आपल्याला जास्त ओळखीचा. रणजित देसाईंची 'स्वामी', 'श्रीमान योगी', शिवाजी सावंतांची 'छावा', विश्वास पाटलांची 'पानिपत'. इथं खरी माणसंच मधोमध. वाचकाला ती कडकडून भेटतात, त्यांच्या मनातलं बोलतात. पण या वाटेवर लेखकाची जबाबदारी दसपट वाढते. 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांची मोठी प्रस्तावना आहे. आपल्या मराठवाड्याच्या या विचारवंतानं त्यात महाराजांच्या चरित्रातले प्रश्न एकेक करून उलगडलेत. कादंबरी वाचली नसेल तरी ती प्रस्तावना तेवढी वाचा. लिहिण्याआधी किती विचार करावा लागतो, ते कळून छाती दडपेल, पण कामाला येईल.

जबाबदारी वाढते म्हणजे काय, याचं ताजं उदाहरण आठवत असेल. २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला. त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना ज्या रीतीनं दाखवलं, त्याला शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि सिनेमा कादंबरीवर बेतलेला आहे असंही सांगितलं. बघा प्रवास कसा होतो ते. सतराव्या शतकातली माणसं, विसाव्या शतकातली कादंबरी, एकविसाव्या शतकातला सिनेमा, आणि दुखावलं कोण? आज जिवंत असलेली घरं. लोक कादंबरी वाचताना रकाने आखून बसत नाहीत. त्यांच्या लेखी छापलं ते घडलं.

पहिलीच कादंबरी लिहीत असाल, तर गुंजीकरांची वाट धरा. खरी मोठी माणसं मागच्या ओट्यावर बसू देत. पुढे तुमचं माणूस आणा.

समजा, विषय घेतलात कसबे तडवळ्याचा. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. बाबासाहेबांच्या तोंडी तुमची वाक्यं घालू नका. त्यापेक्षा त्या दिवशी सभेला आलेला, घरी वतनाचं काम करणारा, बापाच्या मर्जीविरुद्ध निघालेला एक अठरा वर्षांचा मुलगा घ्या. घरून निघताना तो काय खोटं सांगतो? परत आल्यावर बापाच्या समोर कसा उभा राहतो? हे कुठंही नोंदलेलं नाही. हे तुमचं.

घराघरातला सप्टेंबर

आता येऊ सगळ्यात अवघड जागेकडे. धाराशिवच्या मुलानं-मुलीनं ऐतिहासिक कादंबरी लिहायची म्हटलं, की दहातल्या सहा जणांच्या डोक्यात १९४८ येतं. येणारच. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा लातुरात, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस लढत होती. सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. गावं ओस पडत होती. १३ सप्टेंबर १९४८, सोमवार. त्या दिवशी पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल तिच्या हातात आला. टेलर ज्या किल्ल्यात राहिला, तोच. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ असते. दर सप्टेंबरात भाषणात ऐकतो. पण कादंबरीकारानं १७ तारखेला थांबून चालत नाही. १८ तारखेला काय झालं?

त्या नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती केंद्र सरकारच्या वतीनं संस्थानात फिरली. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हिंसेचा तिनं अहवाल दिला. संस्थानभर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे तिनं सांगितले, त्यात उस्मानाबाद होता. सरकारनं तो अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. या आकड्यांवर मतभेद आहेत, वाद आहेत. ते तुमच्या वहीत आकड्याच्या शेजारी लिहून ठेवा. पण अहवाल आहे, हे 'पक्कं'मध्येच जाईल.

वाचून अस्वस्थ व्हाल. कारण त्याआधी रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ, खून हेही तितकंच पक्कं आहे. ते भोगलेली घरं तुमच्या नात्यातली असतील. त्याच गावात दुसऱ्या गल्लीत असं घर असेल, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता आणि तरी ज्यांनी त्या सप्टेंबरात माणसं गमावली. एकाच गावात दोन सप्टेंबर. पहिल्या घरात १७ तारखेला झेंडा लागतो. दुसऱ्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी काही बोलत नाही.

कोणता खरा? दोन्ही. आणि दोन्ही एका पुस्तकात मावतील अशी जागा कादंबरीइतकी कुठंच नाही. भाषणात एका वेळी एकच बाजू येते. कादंबरीत दोन शेजारी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना झोपू शकतात.

त्याच अहवालात एक गोष्ट आहे, ती वाचून तुमच्यातला लेखक ताडकन उठून बसेल. अनेक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, असं समितीनं नोंदवलंय. आणि त्यातही एका धंद्यातल्या माणसांची एकमेकांवरची माया तिला खास जाणवली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आडवे उभे राहिले, काहींनी त्यात जीव गमावला.

अहवालात ते इतकंच येतं. नाव नाही, गाव नाही. मागावर बसलेले दोघं कोण होते? त्या रात्री कुणी कुणाला कुठं लपवलं? बळदात? कडब्याच्या गंजीत? लपवणाऱ्याच्या बायकोनं आधी नकार दिला असेल का? घरात लहान पोरं असताना तिनं काय म्हणून होकार दिला? त्या दोघांनी पुढे वीस वर्षं बाजारात भेटल्यावर त्या रात्रीचा विषय काढला असेल का? इतिहासाकडे याची उत्तरं नाहीत. तुम्ही लिहिलं नाही, तर ती कधीच नसतील.

सामान तपासा

मोठ्या प्रश्नांइतकंच छोट्या वस्तूंवर पुस्तक तरतं नाहीतर बुडतं. म्हणून १९४८ची कथा लिहिणाऱ्यांसाठी ही थोडी तपासणी.

तुमचा नायक धाराशिव स्टेशनवर उतरतो का? मग थांबा. तेव्हाची बार्शी लाइट रेल्वे, ती छोटी गाडी, कुर्डुवाडीहून लातूरला जायची येडशीवरून. धाराशिव शहरात रेल्वे आली ती ब्रॉडगेज झाल्यावर, या शतकात. नायकाला येडशीला उतरवा आणि पुढे बैलगाडी नाहीतर मोटार बघा.

त्याच्या खिशात पैसे कोणते? निजामी राज्यात चालायचा हाली सिक्का, सरहद्द ओलांडली की कलदार. दोन्ही रुपयांची किंमत सारखी नव्हती. बार्शीच्या बाजारात हाली रुपया पुढे केला की बट्टा लागणार. एक आख्खा प्रसंग यातून निघतो.

जिल्ह्याचा मोठा अधिकारी 'कलेक्टर' नव्हता, तो अव्वल तालुकदार. कचेरीतले कागद उर्दूत, त्यावर सन फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. ज्याला उर्दू येत नाही, त्या शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा. तो वाचून दाखवणारा माणूस किती मोठं पात्र होऊ शकतो, विचार करा.

पात्रं गावाला काय म्हणतात? १९४८ मध्ये सरकारी कागदावर उस्मानाबाद, घरच्या बोलण्यात धाराशिव. पण टेलरच्या काळातली कथा असेल, तर उस्मानाबाद हा शब्दच येऊ शकत नाही. ज्याच्या नावावरून तो आला, तो मीर उस्मान अली खान तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि लातूरला जिल्हा म्हणू नका. तो झाला १९८२ मध्ये.

रानात लपायला पीक कोणतं उभं आहे? आज आपल्याकडे बघाल तिकडे सोयाबीन. १९४८च्या रानात सोयाबीन दिसलं, की गावातला कुठलाही म्हातारा पुस्तक मिटून ठेवेल. सप्टेंबरात तेव्हा काय उभं असायचं, माणसाच्या डोक्याएवढं काय वाढायचं, हे एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा.

कागद कुठे मिळतील? १९७२ मध्ये निघालेलं उस्मानाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर बघा. अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' वाचा. टेलरचं आत्मचरित्र 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' १८७७ चं. त्यावर आता कुणाचा हक्क नाही, इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि त्यात नळदुर्गची वर्षं आहेत. छत्रपती संभाजीनगरला स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे. आणि हातात धरून बघायच्या वस्तू हव्या असतील, तर जुन्या तगर नगरीतल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक दुपार घालवा.

नाव कुणाचं, घर कुणाचं?

शेवटचा मुद्दा, आणि तो टाळू नका. तुमच्या गोष्टीतली माणसं मेली असतील, पण त्यांची घरं आहेत. अमका रझाकारांना खबरा द्यायचा, तमक्यानं त्या गडबडीत शेजाऱ्याची जमीन बळकावली, असं गावात कुजबुजलं जातं. ते 'ऐकीव'. कादंबरीत खऱ्या नावानिशी आलं, की ते 'पक्कं' होऊन बसतं. कायदाही इथं डोळे मिटून नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मेलेल्या माणसावर घेतलेला आळही, त्यामागे घरच्यांना दुखावण्याचा हेतू असेल, तर बदनामी ठरू शकतो.

पण कायद्यासाठी म्हणून नाही, गोष्टीसाठी म्हणून नाव बदला. नाव बदललं की हात मोकळा होतो. तो खबऱ्या मग निव्वळ खलनायक उरत नाही. त्याला कर्ज होतं का, भीती होती का, पोरगं आजारी होतं का, हे विचारायला तुम्ही धजावता. गावही बदला. दोन गावं मिसळून तिसरं करा, गुंजीकरांनी गड केला तसं. नदी खरी ठेवा, रस्ता खरा ठेवा, तारीख खरी ठेवा.

भूकंपावर लिहिणाऱ्यांनी तर आणखी जपून. ती रात्र सोसलेली माणसं आजही आपल्यात आहेत. त्यांनी सांगितलेलं त्यांना विचारून वापरा, आणि लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटलेलं पान काढून टाकल्यानं कुठलीही कादंबरी आजवर मेली नाही.

आता कामाला लागा, कारण वेळ कमी आहे. टेलर वीसेक वर्षं 'तारा' डोक्यात घेऊन फिरला. त्याला ते परवडलं, त्याचे साक्षीदार कागदात होते, ते कुठे जाणार नव्हते. तुमचे साक्षीदार ओसरीवर बसलेत. १९४८ मध्ये जी दहा वर्षांची होती, ती आता नव्वदीला टेकलीत.

त्यांच्याजवळ बसा. "रझाकार कसे होते?" असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं एकसारखंच येतं, इतकी वर्षं सांगून सांगून ते गुळगुळीत झालंय. छोटं विचारा. त्या दिवशी घरात चूल पेटली होती का? कुणी पेटवली? काय शिजलं? दार कुणी लावलं? शेजारच्या घरात दिवा होता का?

मग गप्प बसा. त्यांना आठवू द्या. आणि वही उघडी ठेवा, तीन रकान्यांची.